वाट बघणारा कॉम्प्युटर

सकाळी ९.३०
शटर अर्ध्यावर असतानाच फोन वाजतो. बार्शीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातल्या ताई. "दादा, नेट गेलं की कॉम्प्युटर एकदम जाम होतो. काल तर रडायची वेळ आली." काल वीस तारीख होती, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. नेमकी दुपारी लाइन गेली. कुणी रॅम वाढवा म्हणालं, कुणी फॉरमॅट मारा. रॅम कमी असती तर नेट चालू असतानाही मशीन रखडलं असतं, म्हणून मी दोन्ही थांबवतो. आज एकवीस तारीख असल्यामुळे मशीन माझ्या ताब्यात मिळेल.

१०.३०
मशीन चांगलं आहे. एसएसडी आहे, ८ जीबी रॅम आहे, आणि नेट चालू असल्यामुळे सगळं झटकन उघडतंय. अशा वेळी काहीही उघडून बघण्याआधी जो रोज बसतो त्याला विचारायचं. ताई नीट सांगतात: 'धिस पीसी' उघडलं की वरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकते, एक्सेल उघडताना अडकतं, एकदा उघडलं की मात्र बरं चालतं. मग जाता जाता कामाची गोष्ट बोलून जातात: "मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, जीएसटीची साइट चालली, तरी फोल्डर उघडेनात."

म्हणजे इंटरनेट होतं आणि मशीन तरीही अडत होतं. त्याला हवी असलेली गोष्ट फक्त ऑफिसच्या लाइनवरूनच मिळत असणार.

११.००
बिघाड समोर घडवून आणल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी कॉम्प्युटरच्या मागची लॅन केबल काढली. मशीन सुसाट. सर केबिनमधून डोकावतात, "नेट नाही तरी पळतंय की रे!" केबल परत लावली आणि राउटरकडे येणारी बाहेरची जोडणी काढली. फायबरच्या पिवळ्या वायरीला हात लावला नाही. ती जास्त वाकली की नवीन दुखणं. आता 'धिस पीसी' उघडलं आणि हिरवी पट्टी रांगायला लागली.

दोन्ही वेळा नेट नव्हतंच, पण फरक जमीन-अस्मानाचा. केबल निघाली की विंडोजला लगेच कळतं की रस्ताच नाही. ते प्रयत्न सोडून देतं. राउटर जिवंत असला की रस्ता उघडा दिसतो. विंडोज निरोप पाठवतं, उत्तर येत नाही, पुन्हा पाठवतं, पुन्हा थांबतं. अशा एका प्रयत्नात साधारण वीस सेकंद जातात, आणि प्रयत्न एकच नसतो. सरांना सांगितलं, "सरकारी ऑफिसला कुलूप असलं तर आपण घरी जातो. शिपाई 'बसा, साहेब येतीलच' म्हणाला, तर दिवस जातो."

१२.००
हिरवी पट्टी सरकत असताना टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू दोन-तीन टक्के, डिस्क जवळजवळ शून्य, निम्मी रॅम मोकळी. मशीन दमलेलं नाही, ते ताटकळत बसलंय. इथं ताकद वाढवून उपयोग नाही. ते कुणाची वाट बघतंय, ते शोधायचं.

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'नेट यूज' लिहिलं. झेड ड्राइव्ह निघाला: सोलापूरच्या मुख्य ऑफिसातल्या स्टोरेजचा, राउटरमधल्या व्हीपीएनमधून जोडलेला. लाइन गेली की व्हीपीएन जातो, पण झेडचं अक्षर तसंच राहतं. 'धिस पीसी' उघडताना विंडोज प्रत्येक ड्राइव्हला विचारतं, जागा किती शिल्लक? सी आणि डी लगेच सांगतात. झेडच्या उत्तरासाठी सगळी खिडकी खोळंबते. हॉटस्पॉटवरही तेच, कारण मोबाइलकडून सोलापूरच्या त्या स्टोरेजकडे वाटच नाही.

झेड काढून टाकला. त्याच फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर दिला. मुद्दाम उघडला तरच तो सोलापूरला विचारायला जाईल. क्विक ॲक्सेसमध्ये पिन केलेली झेडवरची फोल्डरंही काढली. बाहेरची जोडणी पुन्हा तोडून पाहिली: 'धिस पीसी' क्षणात उघडलं.

दुपारी २.३०
जेवून आलो, तर एक्सेल अजून अडतंच. आता प्रिंटर पाहिला. डीफॉल्ट प्रिंटर सोलापूरचा! पानाची मापं घ्यायला एक्सेल आणि वर्ड डीफॉल्ट प्रिंटरशी बोलतात, कागद छापायचा नसला तरी. विंडोजमध्ये डीफॉल्ट प्रिंटर आपोआप ठरवायची एक सोय असते. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटरच डीफॉल्ट होतो. ताईंनी कधीतरी तिकडे एक प्रिंट पाठवली असणार. ती सोय बंद केली आणि टेबलावरचा यूएसबी प्रिंटर डीफॉल्ट केला. एक्सेल मोकळं झालं.

४.००
आता एक बारीक तक्रार उरली. डिजिटल सहीसाठीचं छोटं सॉफ्टवेअर नेट नसताना उघडायला वेळ घेतं. सही केलेला प्रोग्रॅम सुरू होताना त्याचं प्रमाणपत्र रद्द तर झालं नाही ना, हे नेटवरून तपासलं जाऊ शकतं, आणि उत्तर नाही आलं तर काही सेकंद तिथंही जातात. ही तपासणी बंद करायचे उपाय असतात. सर म्हणाले, "करून टाक." मी नाही म्हटलं. जिथं लोकांचे पॅन आणि सह्या ठेवल्यात, तिथं दहा-पंधरा सेकंदांसाठी राखणदार हटवायचा नसतो. नेट नसताना त्या सहीने पोर्टलवर काही भरताही येत नाही.

५.३०
बाकीच्या मशीनवरही झेड आणि प्रिंटर तपासले. मग बाहेरची जोडणी काढून ताईंनाच बसवलं. फोल्डर, एक्सेल, टॅली, प्रिंट. "दादा, नेट गेलंय ना खरंच?" राउटरवरचा लाल दिवा दाखवावा लागला.

६.१५
बिलाची वेळ. सरांचा पहिला प्रश्न, "पार्ट कुठला बदलला?" कुठलाच नाही. "मग पैसे कशाचे?" रॅम घातली असती, तर त्यांनी बिनतक्रार दोन हजार दिले असते आणि पुढच्या वीस तारखेला पुन्हा रखडले असते. मी बिलावर लिहिलं: 'जोडणी तपासणी व दुरुस्ती, पाचशे रुपये.' सरांनी दोनदा वाचलं आणि चारशे हातावर ठेवले. ताई मागून म्हणाल्या, "सर, काल सगळं ऑफिस चार तास बसून होतं." उरलेले शंभर आले.