वालाच्या मुळावरचे गुलाबी जिवाणू

वरंध, महाड, पोलादपूर भागात भात कापला की शेतात उरलेल्या ओलीवर वाल घेतात. फुलोऱ्याच्या सुमारास वालाचं एक रोप माती न झटकता अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ कापल्यावर आत गुलाबी-तांबूस निघाली, तर ती कामात आहे, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला मिळतोय.

ही किमया जिवाणूंची. ते पाहायचे कसे?

गाठ धुऊन थेंबभर पाण्यात चिरडा. स्लाइडवर पातळ थर पसरा, वाळवा आणि ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. शेजारी दह्याच्या निवळीचाही असाच थर द्या. मग:

१. क्रिस्टल व्हायोलेट, १ मिनिट
२. आयोडीन, १ मिनिट
३. अल्कोहोल, काही सेकंदच
४. सॅफ्रनिन, साधारण १ मिनिट

प्रत्येक टप्प्यानंतर हलकेच पाण्याने धुवा. शेवटी वाळवून, तेलाचा थेंब टाकून १००एक्स भिंगाखाली पाहा.

दह्यातले जिवाणू जांभळे, गाठीतले गुलाबी! दह्यातल्यांची पेशीभित्ती जाड, म्हणून ती जांभळा रंग धरून ठेवते. गाठीतल्यांची पातळ, तिचा जांभळा रंग अल्कोहोलने निघून जातो आणि मग सॅफ्रनिनचा गुलाबी चढतो. ही युक्ती हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली प्रसिद्ध केली. आजही दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीच चालते.

अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जांभळेही गुलाबी दिसतात, तेव्हा घाई नको आणि रेंगाळणंही नको. हातमोजे घाला, अल्कोहोल ज्योतीपासून लांब ठेवा. शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात धूळ खात असेल, तर यंदाच्या वालाच्या हंगामात तो बाहेर काढा.