श्रद्धा, व्यक्तिस्वातंत्र्य आणि शासन : मराठी ख्रिस्ती लेखनाची पार्श्वभूमी

१. प्रास्ताविक

बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन आपण या अभ्यासक्रमात वाचणार आहात. या चौघांच्याही आयुष्यात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार ही निर्णायक घटना होती. श्रद्धा ही अंतःकरणातील गोष्ट आहे. मात्र श्रद्धा बदलली की वारसाहक्क, विवाह आणि मुलांचा ताबा यांसंबंधीचे प्रश्न उभे राहतात आणि ते शासनाच्या दारात येऊन पोहोचतात. म्हणून या लेखनाची पार्श्वभूमी समजून घेताना श्रद्धा, व्यक्ती आणि शासन या तिघांचा परस्परसंबंध पाहणे आवश्यक ठरते.

२. क्रियापदांतून दिसणारा दृष्टिकोन

प्रथम भाषेकडे पाहू. एकाच घटनेसाठी मराठीत तीन प्रकारची वाक्ये आढळतात : ‘तो बाटला’, ‘त्याला बाटवले’ आणि ‘त्याने धर्मांतर केले’. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. दूध नासते किंवा भांडे विटाळते, तशी ही घटना त्या माणसाच्या बाबतीत घडून येते. तेथे त्याच्या इच्छेचा प्रश्न नसतो. ‘बाटवणे’ हे प्रयोजक रूप. येथे कर्ता दुसरा कोणी असतो आणि धर्म बदलणारा केवळ कर्म ठरतो. ‘त्याने धर्मांतर केले’ या वाक्यात मात्र तो स्वतः कर्त्याच्या जागी येतो. माणसाने धर्म बदलला की त्याच्याकडून तो बदलवून घेतला गेला, हाच प्रश्न न्यायालयांपुढे आणि विधिमंडळांपुढे पुनःपुन्हा आला आहे. पुढील विवेचन वाचताना ही तीन वाक्ये ध्यानात ठेवावीत.

३. शासन आणि धर्मसत्ता एकत्र आल्यावर

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीतून ख्रिस्तचरित्र सांगणारा हा ग्रंथ स्थानिक भाषेविषयीच्या आस्थेची साक्ष देतो. मात्र त्याच पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्पकाळ वगळता, इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय चालू होते. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. शासनाने एका श्रद्धेला आपली श्रद्धा मानले की इतर धर्मीयांचेच नव्हे, तर त्या श्रद्धेत आलेल्यांचेही स्वातंत्र्य संकुचित होते. इन्क्विझिशनच्या चौकशीचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

४. न्यायालयापुढील प्रश्न : निर्णय कोणाचा?

मुंबई इलाख्यातील परिस्थिती वेगळी होती. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार आणि महसूल यांची काळजी अधिक असल्याने प्रारंभी तिने मिशनऱ्यांना दूर ठेवले. १८१३च्या सनदी कायद्याने त्यांना परवान्यानिशी येण्याची वाट मोकळी केली.

१८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. धनजीभाईंना स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज आहे असे मानून न्यायालयाने, कोठे राहावे हे ठरविण्याची मोकळीक त्यांना दिली. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मात्र अजाण वयाचा होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. दोन निर्णय परस्परविरोधी वाटले तरी त्यांमागील तत्त्व एकच आहे : ज्याला समज आली, त्याचा निर्णय त्याचा.

श्रीपतचा प्रश्न येथे संपला नाही. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावरून वाद पेटला. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. न्यायालय मुलाला वडिलांच्या घरी पाठवू शकते. त्याला पंक्तीत बसविणे न्यायालयाच्या हाती नसते.

५. कायद्याचे संरक्षण आणि त्याची मर्यादा

धर्म सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क पूर्वी धोक्यात येई. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने, धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकले गेल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क नष्ट होणार नाही, असे ठरविले. बंगाल आणि मद्रास येथून त्यास तीव्र विरोध झाला. वारसाहक्क श्राद्धादी धर्मकृत्यांशी जोडलेला आहे, तेव्हा कर्तव्य सोडून हक्क कसा राहील, हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. शासनाने येथे व्यक्तीच्या बाजूने कौल दिला. पुढे १८५८च्या जाहीरनाम्यात राणीने स्वतःची ख्रिस्ती श्रद्धा नमूद केली आणि ती प्रजेवर लादण्याचा हक्क व इच्छा दोन्ही नाकारली.

१८६६च्या कायद्याने, जोडीदाराने केवळ धर्मांतरामुळे सोडून दिलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला, जोडीदारास विचारासाठी वर्षभराची मुदत दिल्यानंतर, विवाहविच्छेद मागण्याची सोय केली. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. पण टिळक दांपत्य त्या वाटेने गेले नाही. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग पतीकडे परतल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा कालक्रम लक्षात ठेवावा. पतीचे धर्मांतर आपोआप पत्नीचे धर्मांतर ठरत नाही, हे त्या ग्रंथाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे आले असेल.

६. चर्चच्या आत स्वातंत्र्य

व्यक्तिस्वातंत्र्याला अडसर केवळ ज्ञातीचा किंवा शासनाचा असतो, असे नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी, एखादे मत केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास नकार दिला. पुढे १८९३ साली शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या आक्षेपावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एका बाजूला रमाबाईंचे धर्माचरणाचे स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला आश्रयास आलेल्या अल्पवयीन मुली आणि त्यांच्या पालकांचा विश्वास, असा हा पेच होता. ना. वा. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र मार्ग धरला.

७. संविधानानंतर

संविधानाच्या अनुच्छेद २५ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, तसेच धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींना दिला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घातली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. ‘बाटवणे’ आणि ‘धर्मांतर करणे’ यांतील कर्त्याचा प्रश्न येथे कायद्याच्या परिभाषेत पुन्हा उभा राहिला.

आणखी एक प्रश्न आजही जिवंत आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रारंभी हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती त्याबाहेर राहिले. ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, म्हणून हे योग्य, असे एक मत. धर्म बदलला तरी गावातील वागणूक बदलत नाही, म्हणून हे अन्याय्य, असे दुसरे. शासन कोणालाही चर्चमध्ये जाण्यास मनाई करीत नाही. पण तेथे गेल्यावर काही सोडावे लागणार असेल, तर त्या निवडीला कितपत मुक्त म्हणावे? १८५०च्या कायद्याने वारसाहक्कापुरते या प्रश्नाचे उत्तर दिले होते.

८. समारोप

शासन श्रद्धा निर्माण करू शकत नाही आणि ती नष्टही करू शकत नाही. मात्र श्रद्धेची किंमत किती मोजावी लागेल, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उरलेली किंमत घर, ज्ञाती आणि चर्च वसूल करतात. कायद्याच्या पुस्तकात न मावणारा हा हिशेब मराठी आत्मचरित्रांत वाचावयास मिळतो.

स्वाध्याय

१. धनजीभाई आणि श्रीपत यांच्या प्रकरणांतील निर्णयांमागील समान तत्त्व स्पष्ट करा.
२. ‘स्मृतिचित्रे’मधील कोणताही एक प्रसंग निवडून, त्यात कायद्याच्या आवाक्याबाहेरचे काय आहे ते लिहा.
३. आपल्या बोलीत धर्मांतरासाठी कोणती क्रियापदे वापरली जातात ते नोंदवा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आहे ते सांगा.