हवामानबदल, संसद आणि आपण

हवामानबदल हा शब्द आता आपल्या कानांना सरावाचा झाला आहे. अवकाळी पाऊस झाला, वादळ आले, उन्हाळा असह्य झाला की त्याचा उच्चार होतो. परंतु या संकटाबाबत आपल्या देशाने कोणती उद्दिष्टे स्वीकारली आहेत, ती कोणी ठरविली आणि आपण निवडून दिलेल्या संसदेचा त्यात कितपत सहभाग होता, याची माहिती बहुतेकांना नसते. श्रद्धावंत या नात्याने आणि नागरिक या नात्यानेही हा विषय समजून घेणे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते.

२००९ ची घोषणा

३ डिसेंबर २००९ रोजी लोकसभेत हवामानबदलावरील चर्चेला उत्तर देताना तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी एक महत्त्वाची घोषणा केली. २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत भारत आपली उत्सर्जन तीव्रता २० ते २५ टक्क्यांनी स्वेच्छेने कमी करील, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर चारच दिवसांनी कोपनहेगन येथे जागतिक हवामान परिषद सुरू व्हायची होती. चीनने आपले उद्दिष्ट आदल्याच आठवड्यात जाहीर केले होते. उत्सर्जन कपातीचे कायदेशीर बंधन भारत स्वीकारणार नाही आणि आपले उत्सर्जन अमुक वर्षी शिखर गाठून उतरणीस लागेल, असे वचनही देणार नाही, हे मंत्र्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले.

विरोधी पक्षांचा आक्षेप असा होता की, वाटाघाटी सुरू होण्याआधीच आपण एकतर्फी सवलत का द्यावी? वातावरणात साठलेल्या कर्बवायूचा मोठा भाग श्रीमंत देशांनी दीड-दोनशे वर्षांत सोडलेला आहे. मग त्यांच्या चुकीचा भार आपल्या गरिबांनी का वाहावा? सरकारचे म्हणणे निराळे होते. हवामानबदलाचा सर्वाधिक फटका भारतालाच बसणार आहे. आपली शेती पावसावर आणि कोट्यवधी लोकांची उपजीविका समुद्रकिनाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणून इतरांची वाट न पाहता पाऊल उचलणे देशाच्या हिताचेच आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. एकूण उत्सर्जनात भारताचा क्रमांक आज जगात तिसरा आहे. पण दरडोई हिशेब केला तर एक भारतीय वर्षाला सुमारे २ टन, तर एक अमेरिकन त्याच्या जवळजवळ सातपट कर्बवायू सोडतो. न्यायाचा प्रश्न आहे तो असा.

'उत्सर्जन तीव्रता' म्हणजे काय?

या शब्दाचा अर्थ न समजल्याने अनेकांचा गैरसमज होतो. एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या बेकरीत १०० पाव भाजायला १० किलो लाकूड लागते. मालकाने भट्टी सुधारली आणि धंदाही वाढविला. आता २०० पाव भाजायला १६ किलो लाकूड लागते. म्हणजे प्रत्येक पावामागे लागणारे लाकूड १०० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आले. तीव्रता २० टक्क्यांनी घटली. परंतु एकूण लाकूड १० किलोवरून १६ किलोवर गेलेच.

भारताचे उद्दिष्ट या प्रकारचे आहे. देशाच्या उत्पन्नातील प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन कमी करावयाचे आहे. एकूण उत्सर्जन काही काळ वाढतच राहील. ज्या देशात अजून अनेकांना पुरेशी वीज आणि पक्के घर मिळायचे आहे, त्या देशासाठी ही भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र 'तीव्रता घटली' याचा अर्थ 'प्रदूषण घटले' असा कोणी घेऊ नये.

उद्दिष्टे वाढत गेली

२०१५ मध्ये पॅरिस कराराच्या निमित्ताने भारताने २०३० पर्यंत तीव्रता ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये तीव्रतेचे उद्दिष्ट ४५ टक्के करण्यात आले आणि २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त इतर स्रोतांतून उभारण्याचे ठरले. २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्क्यांनी घटल्याचे सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळविले आहे. निम्म्या क्षमतेचा टप्पाही २०२५ मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठला गेला. ही अभिमानाची बाब आहे. तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक असतो. प्रत्यक्ष विजेत कोळशाचाच वाटा अजून सर्वांत मोठा आहे.

संसदेने काय केले?

यांपैकी कोणत्याही उद्दिष्टावर संसदेत मतदान झालेले नाही. आपल्या घटनात्मक व्यवस्थेत आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार सरकारकडे असतो; त्यास संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असे नाही. लोकसभेत नियम १९३ अन्वये चर्चा होते, डिसेंबर २०२१ मध्येही ती झाली. परंतु या नियमाखालील चर्चेच्या शेवटी मतदान नसते. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन कर्बव्यापाराचा मार्ग मोकळा झाला, हे संसदेचे ठोस काम. तरीही हवामानबदलाला समग्रपणे कवेत घेणारा कायदा देशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याविषयीच्या खटल्यात ही उणीव नोंदविली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत अनुस्यूत असल्याचे सांगितले.

ब्रिटनच्या संसदेने २००८ मध्ये वेगळा मार्ग निवडला. तेथे उद्दिष्टच कायद्यात लिहिले गेले, त्यासाठी पाच-पाच वर्षांची उत्सर्जन मर्यादा ठरली आणि सरकारच्या प्रगतीचा अहवाल संसदेपुढे ठेवणारी स्वतंत्र समिती नेमली गेली. त्याची हुबेहूब नक्कल आपण करावी असे नाही; पण दिलेल्या वचनाचा हिशेब कोणी, कोणाला आणि केव्हा द्यायचा, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मानवाला बाग दिली ती मशागत व राखण करण्यासाठी. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात शांतीचा संबंध सृष्टीच्या रक्षणाशी जोडला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत हे सांगितले; श्रीमंत देशांवर गरीब देशांचे पर्यावरणीय ऋण आहे, असेही त्यांनी बजावले. २०२३ च्या 'लाउदाते देउम' मध्ये त्यांनी जागतिक परिषदांतील पोकळ वचनांवर बोट ठेवले.

आपल्या किनाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होते आणि मिठागरांतील कामगार अडकून पडले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले. एखाद्या घटनेचे खापर एकट्या हवामानबदलावर फोडता येत नाही. परंतु अरबी समुद्र तापत आहे आणि त्यातील तीव्र वादळे वाढली आहेत, असे शास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. अशा वेळी पहिला फटका होडीवाल्याला, बागायतदाराला आणि मजुराला बसतो.

आपण काय करावे?

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने दाखवून दिले आहे की, सामान्य माणूस संघटित झाला तर त्याचा आवाज दूरवर पोहोचतो. आपला खासदार मते मागण्यासाठी येतो, तेव्हा रस्ता आणि पाणी यांबरोबर हाही प्रश्न विचारावा: हवामानाच्या चर्चेच्या वेळी आपण सभागृहात होता का, काय बोललात? खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि सभागृहातील भाषणे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. धर्मग्रामातील युवकांनी ती वाचून इतरांना सांगावीत. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या सृष्टिपर्वात झाडे लावण्याबरोबरच अशी एक अभ्याससभाही प्रत्येक धर्मग्रामात घेता येईल.

घरातील दिवा विझविणे आणि लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारणे, ही दोन्ही राखणदाराचीच कामे आहेत. त्यांपैकी पहिले आपण करू लागलो आहोत. दुसऱ्याला आता हात घालू या.