घरी शिकताना दहावीचे विषय कसे निवडाल?

● मंडळ : घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करतात. वयाची किमान अट 14 वर्षे. दुसरा मार्ग म्हणजे राज्य मंडळाचा, खासगी विद्यार्थ्यांसाठीचा 17 नंबरचा फॉर्म. तिथे मात्र इतिहास-भूगोल सुटत नाही.

● विषय : एनआयओएसमध्ये उत्तीर्ण व्हायला 5 विषय लागतात, त्यात किमान एक भाषा हवी. मराठी घेता येते. उरलेल्या जागांसाठी गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र, चित्रकला असे पर्याय आहेत.

● वेळ : एका नोंदणीवर 5 वर्षे मिळतात. त्यामुळे दोन विषय आधी, बाकीचे नंतर असे करता येते.

● सामाजिक शास्त्र घरापासून : पुस्तकासोबत परिसर वाचा, उदाहरणार्थ सातारा-सांगलीचा. औंध संस्थानाने 1939 मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली. नागरिकशास्त्राचा याहून जवळचा धडा कुठला? स्वातंत्र्यलढ्यासाठी क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, समाजसुधारणेसाठी सावित्रीबाई फुले यांचे नायगाव. भूगोलाला कास पठार, कोयना धरण आणि जत-आटपाडीचा दुष्काळी पट्टा. अर्थशास्त्राला सांगलीचा हळद बाजार आणि 1910 मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी.

● सावधान : अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयचा विचार असेल तर गणित-विज्ञान सोडू नका. पुढच्या महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या अटी पाहूनच विषयांचा अर्ज भरा.