टायमिंग बेल्ट : दोनास एक

साकोलीत महामार्गालगतच्या एखाद्या गॅरेजात मुलांना नेऊन टायमिंग बेल्टची दातेरी चाके दाखवू. कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. का बरे? फोर-स्ट्रोक इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन होईपर्यंत क्रँकशाफ्टचे २ फेरे होतात. प्रत्येक झडप मात्र १ वेळाच उघडते. हा मेळ रबरी पट्टा राखतो.

उष्णतेने आणि काळानेही रबर कमकुवत होते. धावत्या गाडीत पट्टा तुटला, तर अनेक इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल तेव्हा पट्टा बदलावा. ताण राखणारी पुलीही तपासावी. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तिथेही हेच गुणोत्तर मुलांना पडताळू द्यावे.