मुलींचा गेम कुठल्या फळीवर?

१९८० च्या सुमारास जपानमधल्या गेम सेंटरमध्ये जिकडेतिकडे परग्रहवासीयांवर गोळ्या झाडणं चालू असे आणि खेळणारे बहुतेक पुरुषच असत. नाम्को कंपनीतल्या तोरु इवातानी यांना तिथे बायका आणि जोडपी यायला हवी होती. त्यांनी बंदुका काढल्या, खाण्याचा विषय घेतला, भुतं गोंडस आणि रंगीत केली. त्यातून ‘पॅक-मॅन’ जन्मला. बायका म्हणजे खाणं हा तर्क आज ढोबळ वाटतो. पण इवातानींनी मूळ खेळालाच हात घातला होता, हे मला मोलाचं वाटतं.

अमेरिकेत उलटं झालं. १९८३ मध्ये तिथला गेमचा धंदा कोसळला. पुढे निन्टेन्डोने तो उभा केला तो खेळण्यांच्या दुकानांतून, आणि तिथे मुलग्यांच्या नि मुलींच्या फळ्या वेगळ्या. गेम मुलग्यांच्या फळीवर गेले. १९८९ मधल्या हातात मावणाऱ्या यंत्राचं नावच ‘गेम बॉय’! जाहिराती मुलग्यांसाठी, म्हणून गिऱ्हाईक मुलगे. आणि मुली घेत नाहीत, म्हणून पुन्हा जाहिराती मुलग्यांसाठीच.

१९९६ मध्ये मॅटेलच्या ‘बार्बी फॅशन डिझायनर’ने हे चक्र मोडलं. पहिल्या दोन महिन्यांत ५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. संगणकावर कपडे बेतायचे, घरच्या प्रिंटरवर कापडी कागदावर छापायचे आणि हातातल्या बाहुलीला घालायचे. मुली जे आधीपासून खेळत होत्या, त्याला गेमने जोड दिली. बाकीच्या कंपन्यांना मात्र त्यातला फक्त गुलाबी रंग दिसला.

गेम डिझायनर ब्रेंडा लॉरेल यांनी मात्र आधी ऐकून घेतलं. हजारावर मुलामुलींशी बोलून त्यांनी ‘पर्पल मून’ कंपनी काढली. १९९७ च्या ‘रॉकेट्स न्यू स्कूल’मध्ये आठवीतली रॉकेट नव्या शाळेत येते. कुणी टोमणा मारला तर तिने घाबरावं, चिडावं की धीराने बोलावं, हे खेळणारी ठरवते आणि गोष्ट तशी वळते. त्यावर टीका झाली: मुलींना मैत्री-रुसव्यांतच का अडकवता? टीका खरी होती. तरी त्या वयाच्या मुलीचं मन खेळाचा विषय होऊ शकतं, हे त्या गेमने दाखवलं.

फेब्रुवारी १९९९ मध्ये पर्पल मून बंद पडली. वर्षभराने ‘द सिम्स’ आला. घर बांधा, माणसं वसवा. खोक्यावर मुलींचा शिक्का नाही. त्याच्या खेळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या.

भाचीसाठी गेम घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराआधी तिलाच विचारा, शाळेतून आल्यावर ती काय खेळते.