भिंतींतला वायू आणि रोशनदान

लासलगावकरांना ‘रेडिएशन’ हा शब्द नवा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आमच्याकडे आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण त्याच्यावर सोडतात. त्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही. तरी ‘हा कांदा खाल्ला तर चालेल ना?’ अशी शंका आम्ही अजून ऐकतो. घराच्या भिंतींबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

माती, दगड, वीट, वाळू या सर्वांत युरेनियमचा सूक्ष्म अंश असतो. त्यापासून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो मुख्यतः घराखालच्या जमिनीतून, फरशीच्या भेगांतून येतो. थोडा भिंतींतूनही सुटतो. त्याच्यापासून बनणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. अनेक देशांत धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचे हेच मोठे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर हा धोका सुमारे २५ पट.

घाबरण्याचे कारण नाही. आपला काळा दगड बेसॉल्टचा. त्यात युरेनियम कमी असते. ग्रॅनाइटमध्ये तुलनेने जास्त, पण स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या एका फळीने सहसा फारसा फरक पडत नाही. रेडॉन साठतो तो कोंडलेल्या हवेत.

आणि हवा कोंडण्याची आपल्याकडे दोन कारणे आहेत. एक, निफाड तालुक्याची कडाक्याची थंडी. दुसरे, पडदा. गल्लीकडची खिडकी उघडली तर आत नजर जाते, म्हणून ती वर्षभर बंदच राहते. त्याच खोलीत अम्मी, दादी आणि तान्ही बाळे दिवस काढतात.

जुन्या घरांत यावर उपाय होता : छताजवळचे जाळीचे रोशनदान. नजर अडते, हवा खेळते. स्लॅबच्या नव्या घरांतून तेच गायब झाले.

म्हणून फजरनंतर थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात. घरात विडी ओढू देऊ नये. आणि नवे घर बांधताना टाइल्सचा रंग जितक्या आवडीने निवडतो, तितक्याच आग्रहाने मिस्त्रीला सांगावे : प्रत्येक खोलीत रोशनदान हवेच.